मेजर निवडण्याआधी विषयांची साखळी मोजा

बारावीचा निकाल लागला की थोड्याच दिवसांत पदवीच्या प्रवेशाचा फॉर्म समोर येतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यात शाखा आणि तीन-चार विषय एवढेच भरायचे असे. आता त्याच फॉर्मवर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी अक्षरांची रांगच लागलेली असते. आईवडिलांना त्यातले फारसे कळत नाही आणि मुलांनाही कळत नाही. मग शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मैत्रिणीने जे घेतले ते, किंवा नेट कॅफेत फॉर्म भरून देणाऱ्याने जे सुचवले ते भरून टाकले जाते. प्रवेश मिळतो, ओळखपत्र मिळते, वर्ग सुरू होतात. अडचण दिसते ती तीन वर्षांनी.

समजा, एकाच कॉलेजात, एकाच वर्गात शिकणाऱ्या दोन मुली आहेत. दोघींनी अर्थशास्त्रात बीए केले, दोघींना प्रथम श्रेणी मिळाली. पुढे दोघींनाही अर्थशास्त्रात एमएस्सी करायचे आहे. प्रवेश परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका दोघी उघडतात. पहिली पेन घेऊन सोडवायला बसते. दुसरीला प्रश्नात काय विचारले आहे तेच कळत नाही, कारण अर्धे प्रश्न कलनाच्या भाषेत आहेत. हुशारीत दोघी सारख्या, पदवीचे नाव एकच, शिक्षकही तेच. दोघींच्या गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तर जेमतेम सहा-सात ओळींचा फरक सापडेल. पहिलीने पहिल्या वर्षापासून गणिताचे थोडे-थोडे पेपर घेतले होते. दुसरीने दर सत्रात वेगळा आणि सोपा वाटणारा विषय घेतला.

या सहा-सात ओळी एवढ्या महत्त्वाच्या का ठरतात, हे समजून घ्यायचे तर आधी पदवी आतून कशी बांधलेली असते ते पाहावे लागेल.

क्रेडिट म्हणजे तासांचा हिशेब

क्रेडिट, किंवा सरकारी कागदांतला श्रेयांक, हे अभ्यासाचे माप आहे. एक सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे असते. दर आठवड्याला एक तास व्याख्यान झाले तर सत्राअखेरीस पंधरा तास होतात. त्याचे एक क्रेडिट. प्रयोगशाळेतल्या कामाला दुप्पट वेळ द्यावा लागतो, म्हणजे तीस तासांना एक क्रेडिट.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजुरी दिली. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आराखडा जाहीर केला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० क्रेडिट लागतात. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढला. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. आपल्याकडे एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात, त्यामुळे तीन वर्षांची बेरीज १२० ते १३२ पर्यंत जाते.

आयोगाच्या आराखड्यातले १२० क्रेडिट असे वाटलेले आहेत: मेजर ६०, मायनर २४, इतर विद्याशाखांतले विषय ९, भाषा ८, कौशल्याचे विषय ९, मूल्यवर्धनाचे ६ ते ८ आणि इंटर्नशिप २ ते ४. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत या वाटपाचे आकडे आणि नावे थोडी वेगळी आहेत, पण सांगाडा तोच आहे.

या आकड्यांना पंधराने गुणले की चित्र स्पष्ट होते. व्याख्यानांच्या हिशेबाने मेजरला तीन वर्षांत ९०० तास मिळतात, मायनरला ३६० तास, आणि इतर विद्याशाखांतल्या विषयांना मिळून १३५ तास. दोन क्रेडिटचा एखादा कौशल्याचा पेपर म्हणजे तीस तास व्याख्यान किंवा साठ तास प्रात्यक्षिक. विषयाच्या नावात 'डेटा सायन्स' असो की 'फिल्ममेकिंग', एवढ्या तासांत त्या विषयाची ओळख होते. ओळख मोलाची असते, पण त्या नावाला भुलून कॉलेज निवडू नये. ज्या विषयाला ९०० तास मिळणार आहेत, त्याचीच चौकशी सर्वात जास्त करायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक घरांत उलटे होते. आकर्षक नावाच्या दोन क्रेडिटवर तासभर चर्चा होते आणि मेजर मेरिट लिस्टवर सोडून दिला जातो.

ही रचना आली कुठून?

एक मुख्य विषय खोलवर आणि बाकीचे थोडे-थोडे, ही कल्पना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात घडत गेली. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे तिथे अध्यक्ष होते. त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडायचे जवळपास पूर्ण स्वातंत्र्य दिले. त्यातून नवे विषय आले, प्रयोगशाळा वाढल्या. पण पुष्कळ विद्यार्थी प्रत्येक विषयातला प्राथमिक पेपर तेवढा घेऊन पुढे सरकू लागले, कशातच खोल जाईनात. एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी नियम केला की काही पेपर एकाच क्षेत्रात घ्यायचे आणि काही ठरवून इतर क्षेत्रांत पसरायचे. आजचा मेजर आणि त्याच्या भोवतीचे वैकल्पिक विषय यांचे मूळ तिथे आहे.

महाराष्ट्रात आपण हेच वेगळ्या रीतीने करत होतो. एफवायला चार-पाच विषय, एसवायला कमी, आणि टीवायला एकच 'स्पेशल'. "मराठी स्पेशल केलंय" किंवा "केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो" असे सांगणारी पिढी अजून नोकरीत आहे. जुन्या पद्धतीत निवडीला वाव कमी होता, पण चुकायलाही वाव कमी होता, कारण विषयांचा क्रम विद्यापीठ ठरवत असे. आता त्या क्रमाचा मोठा भाग विद्यार्थ्याच्या हातात आला आहे आणि त्याला तो कुणी समजावून दिलेला नाही. माझ्या मते नव्या रचनेतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

> चौकट: फॉर्मवरची अक्षरे
>
> मेजर: मुख्य विषय. पदवी या विषयातली.
> मायनर: दुय्यम विषय. मेजरपेक्षा कमी, पण सलग काही सत्रे शिकायचा.
> ओई: ओपन इलेक्टिव्ह. आपल्या विद्याशाखेबाहेरचे विषय.
> व्हीएससी: मेजरशी जोडलेले व्यावसायिक कौशल्य.
> एसईसी: सर्वसाधारण कौशल्यवाढीचे विषय.
> एईसी: भाषा आणि संवाद.
> व्हीईसी: मूल्यशिक्षण, पर्यावरण, संविधान वगैरे.
> आयकेएस: भारतीय ज्ञानपरंपरा.
> सीसी: एनएसएस, एनसीसी, खेळ, कला यांसारखे उपक्रम.
> ओजेटी: प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण.

साखळीचे विषय, विस्ताराचे विषय

अभ्यासाच्या दृष्टीने विषयांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात, आणि प्रवेशाच्या फॉर्मवर हा भेद कुठेही लिहिलेला नसतो.

काही विषय साखळीसारखे चालतात. आधीची कडी नसेल तर पुढची लागतच नाही. गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र हे असे विषय आहेत. परकीय भाषाही अशाच. जपानीची परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत चढत जाते, आणि एन-५ ची अक्षरओळख नसताना एन-३ चे पुस्तक उघडण्यात अर्थ नाही. दुसरीकडे इतिहास, साहित्य, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांचा विस्तार मोठा असतो आणि त्यात शिरायला वाटा अनेक असतात. मध्ययुगीन भारत न शिकताही आधुनिक महाराष्ट्राचा पेपर समजतो. वाचन वाढत जाते तशी समज वाढते. हे विषय सोपे असतात असे मुळीच नाही, त्यात उत्तम काम करायला आयुष्य लागते. पण उशिरा आलेल्यालाही ते आत घेतात.

अर्थशास्त्र या दोन्हींच्या मध्ये उभे आहे, म्हणून आपल्या त्या दोन मुलींचे उदाहरण जरा जवळून पाहू.

एफवायच्या पुस्तकात एक प्रश्न असतो. एका ग्राहकाकडे ठरावीक रक्कम आहे, दोन वस्तू घ्यायच्या आहेत, तर कोणती किती घेतली म्हणजे त्याला सर्वाधिक समाधान मिळेल? तिथे हा प्रश्न आकृतीने सोडवतात. समवृत्ती वक्र काढायचे, खर्चाची सरळ रेषा काढायची, आणि ही रेषा ज्या बिंदूत वक्राला स्पर्श करते ते उत्तर. आकृती पाठ करूनही गुण मिळतात. एमएस्सीला हाच प्रश्न पुन्हा येतो, पण तिथे वस्तू दोनच नसतात. दहा वस्तूंची आकृती कागदावर काढता येत नाही. तिथे उपयोगिता हे फलन होते, त्याचे आंशिक अवकलन करावे लागते आणि बंधनाखाली कमाल मूल्य शोधायची लॅग्रांजची रीत वापरावी लागते. प्रश्न तोच असला तरी तो मांडायची भाषा बदललेली असते.

ही भाषा यायला किती वेळ लागतो, ते मोजू. फलन आणि मर्यादा ही पहिली कडी, अवकलन ही दुसरी, अनेक चलांचे अवकलन ही तिसरी, बंधनाखालचे कमाल-किमान ही चौथी. दर सत्रात एक कडी धरली तर चार सत्रे लागतात. संख्याशास्त्राची साखळी याला समांतर जाते: संभाव्यता, वितरणे, नमुन्यावरून अंदाज, समाश्रयण, आणि मग अर्थमिती. पहिल्या सत्रात सुरुवात केलेली मुलगी एसवायच्या अखेरीस गणिताच्या चौथ्या कडीवर पोचते आणि टीवायला अर्थमितीचा पेपर समजून-उमजून देते. पाचव्या सत्रात जाग आलेल्या मुलीच्या हातात दोनच सत्रे उरतात. तिने कितीही मेहनत केली तरी दोन कड्या पदवीच्या बाहेर राहतात.

म्हणून आखणी मागून करायची. जिथे पोचायचे आहे तिथली प्रवेश परीक्षा किंवा तिथल्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम काढायचा. त्यात काय गृहीत धरले आहे ते पाहायचे. ते शिकायला किती कड्या लागतात ते मोजायचे. मग सहाव्या सत्रापासून एकेक पाऊल मागे येत पहिल्या सत्रापर्यंत यायचे. मुंबईत गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत अर्थशास्त्राची एमएस्सी होते. तिथे किमान बारावीपर्यंतचे गणित असावे अशी अट घातली जाते. आयआयटींची 'जॅम' परीक्षा अर्थशास्त्रासाठीही घेतली जाते आणि तिच्या अभ्यासक्रमात गणित आणि संख्याशास्त्र ठळकपणे आहे. हे सगळे संकेतस्थळांवर मोफत उपलब्ध असते. बारावीच्या सुट्टीतल्या एका दुपारी ते पाहून घेतले तर पुढची तीन वर्षे नीट लागतात.

हीच साखळी आणखी मागे, अकरावीपर्यंत जाते. दहावीनंतर कला शाखा घेतली म्हणजे गणित सुटले, असे आपल्याकडे धरूनच चालतात. राज्य मंडळाच्या बारावीच्या विषययादीत मात्र 'गणित आणि संख्याशास्त्र' हा विषय कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसाठी आहे, आणि वाणिज्य शाखेसाठी त्याचा वेगळा पेपर आहे. कला शाखेतल्या किती मुलांना हे प्रवेशाच्या वेळी सांगितले जाते? पुष्कळ कनिष्ठ महाविद्यालयांत कलेच्या वेळापत्रकात गणित नसतेच. ज्याला पुढे अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा भूगोल गंभीरपणे करायचा आहे त्याने हा विषय शिकवणारे कॉलेज शोधावे. थोडे लांबचे असले तरी चालेल.

यातून निवडीचा एक साधा नियम निघतो. दोन विषयांत मन अडकले असेल आणि त्यातला एक साखळीचा असेल, तर साखळीचा विषय आधी सुरू करावा. गणिताकडून इतिहासाकडे दुसऱ्या वर्षी वळता येते. इतिहासाकडून गणिताकडे दुसऱ्या वर्षी वळणे फार जड जाते.

विस्ताराच्या विषयांतही आत कुठेतरी एक साखळी दडलेली असते, हेही सांगायला हवे. मराठ्यांच्या इतिहासावर मूळ कागद वाचून काम करायचे असेल तर मोडी लिपी हवी आणि जुन्या काळासाठी फारसीही हवी. पुण्याचे पेशवे दफ्तर किंवा १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ इथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुने कागद, छापील पुस्तकासारखे वाचता येत नाहीत. इतिहास मेजर घेणाऱ्या मुलाने पहिल्याच वर्षी मोडीचा प्रमाणपत्र वर्ग लावला तर टीवायच्या प्रकल्पात तो स्वतः कागद वाचू शकतो. तोच वर्ग एमएनंतर लावला तर संशोधनाची पहिली दोन वर्षे अक्षरे लावण्यात जातात.

मायनर म्हणजे आंतरपीक

कोकणात आंब्याची नवी बाग लावतात तेव्हा दोन कलमांमध्ये बरीच जागा सोडावी लागते. झाडे मोठी होईपर्यंत ती जागा मोकळी असते, म्हणून शेतकरी तिच्यात आंतरपीक घेतो. पीक निवडताना तो बाजारभाव बघतोच, शिवाय ते कलमाच्या वाट्याचे पाणी ओढणार नाही ना, जमिनीला काही परत देणार आहे का, हेही बघतो. कडधान्य लावले तर जमिनीतला नत्र वाढतो आणि कलमालाच त्याचा फायदा होतो.

मायनरची निवड अशी करावी. मेजरला बळ देणारा मायनर घेतला की ३६० तासांचे मोल वाढते. जीवशास्त्राला संख्याशास्त्राची जोड मिळाली तर प्रयोगाची आकडेमोड विद्यार्थी स्वतः करू शकतो. भूगोलाला संगणकाची जोड मिळाली तर उपग्रहाच्या प्रतिमांवर काम करता येते. मराठी साहित्याला भाषाविज्ञान, हिंदी किंवा इंग्रजीची जोड मिळाली तर भाषांतराचा रस्ता उघडतो. याउलट, दोन्ही विषयांची प्रात्यक्षिके आणि सबमिशन एकाच आठवड्यात येणारी जोडी घेतली तर दोन्हीकडे ओढाताण होते.

मेजरशी अजिबात संबंध नसलेला, निव्वळ आवडीचा मायनर घेतला तर? जरूर घ्यावा. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीला संगीत शिकावेसे वाटत असेल आणि कॉलेजात ते उपलब्ध असेल, तर त्या तासांचा हिशेब नोकरीत मांडायची गरज नाही. फक्त हे ठरवून केलेले असावे.

आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा जाहीर केला त्यात आणखी मोकळीक आहे. पदवीला मेजर-मायनर कोणतेही असले तरी प्रवेश परीक्षेत पात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला वेगळ्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. नियमाने दार उघडले ही चांगली गोष्ट आहे. पण आत गेल्यावर वर्ग चालतो तो विषय आधी शिकलेल्यांच्या गतीने, आणि ती गती पकडायची साखळी पदवीच्या वर्षांतच तयार व्हावी लागते.

पदवीचे नाव आणि पेशा

मेजर निवडताना घरातला पहिला प्रश्न असतो, "हे करून पुढे काय होणार?" प्रश्न रास्त आहे. फसगत होते ती पदवीचे नाव म्हणजेच पेशा असे धरल्याने.

मानसशास्त्रात बीए केले की समुपदेशनाचे दुकान थाटता येईल, असा समज सर्रास आढळतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम आणि परिषदेकडची नोंदणी लागते. बीए ही त्या रस्त्याची सुरुवात आहे. उलट दिशेनेही गैरसमज आहेत. सीए व्हायला बीकॉमच हवे असे मानतात. प्रत्यक्षात वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतर कोणत्याही पदवीधराला ६० टक्के गुण असतील तर फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. तीन वर्षांची एलएलबी कोणत्याही पदवीनंतर करता येते. लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्या परीक्षेसाठी म्हणून नावडता मेजर घेणाऱ्या मुलांबद्दल मला खरोखर वाईट वाटते, कारण ९०० तास नावडीत काढल्यावर अभ्यासाचीच गोडी जाते.

जिथे पदवीचा विषय खरोखर बांधून टाकतो असेही पेशे आहेत. शाळेत शिक्षक व्हायचे तर बीएडला कोणत्या विषयाची अध्यापन पद्धती घेता येईल हे पदवीच्या विषयांवर ठरते. वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर पदव्युत्तर विषयातून नेट किंवा सेट द्यावी लागते. सेटची परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

चौथे वर्ष आणि मधली दारे

नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स असे टप्पे आहेत. चौथ्या वर्षाचा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून आधी त्याचा हिशेब करू. तीन वर्षांची पदवी घेतली तर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे. चार वर्षांची घेतली तर एक वर्षाचे. बेरीज दोन्हीकडे पाचच. ज्याला मेजरमध्येच पुढे जायचे आहे त्याला चौथे वर्ष उपयोगी आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च' करता येते. आयोगाच्या आराखड्यात त्यातला संशोधन प्रकल्प १२ क्रेडिटचा आहे, आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो. ज्याला विषय बदलायचा आहे त्याने मात्र तीन वर्षांवर थांबून नव्या विषयात दोन वर्षे देणे बरे. साखळी जुळवायला तेवढा वेळ लागतो.

मधल्या दारांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. एका वर्षाचे प्रमाणपत्र हातात घेऊन चांगली नोकरी मिळेल अशी आशा कुणी दाखवू नये. पण घरातला कमावता माणूस आजारी पडला, लग्न ठरले, ऊसतोडीला जावे लागले म्हणून दर वर्षी कितीतरी मुले-मुली शिक्षण सोडतात. पूर्वी त्यांची पूर्ण केलेली सत्रे वाया जायची. आता ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये क्रेडिट जमा राहतात. ही बँक २०२१ मध्ये सुरू झाली आणि तिचे खाते डिजिलॉकरमधून उघडता येते. आराखड्यानुसार सोडून गेलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते.

यात एक बारीक अट आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडताना प्रमाणपत्र हवे असेल तर ४० क्रेडिटशिवाय चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप सुट्टीत पूर्ण करावी लागते. दुसऱ्या वर्षानंतरच्या पदविकेलाही तेच. शिक्षण सुटणार अशी चाहूल लागताच मुलीने वर्गशिक्षकांना गाठून या चार क्रेडिटची चौकशी करावी. शिक्षकांनीही ती माहिती आपणहून द्यावी.

कॉलेजात जाऊन काय विचारायचे

धोरणात जे आहे ते सगळे प्रत्येक कॉलेजात असत नाही. तालुक्याच्या ठिकाणी तीन-चार विषयांचेच पूर्णवेळ प्राध्यापक असतात आणि ओईच्या यादीत वीस नावे असली तरी प्रत्यक्षात दोनच चालतात. म्हणून माहितीपुस्तिकेवर न थांबता विभागात जावे. हवा तो विषय गेल्या वर्षी टीवायला प्रत्यक्ष चालला का, किती मुले होती, कोण शिकवते, हे विचारावे. पुरेसे विद्यार्थी न मिळाल्याने मेजर बंद झाला तर मुलांना नावडत्या विषयात जावे लागते. मायनर दर सत्रात सलग मिळणार आहे की मध्येच तुटणार आहे, तेही पाहावे. तुटलेला मायनर साखळीच्या विषयात फारसा उपयोगी पडत नाही.

दुसरा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मेजर पक्का कधी होतो. आयोगाच्या आराखड्यात दुसऱ्या सत्राच्या अखेरीस त्याच विद्याशाखेत मेजर बदलायची मुभा आहे. आपल्याकडे काही विद्यापीठांत बीए आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने शिकवले जातात, आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर होतो, तिसरा सुटतो. ही सोय उत्तम आहे, पण पहिल्या वर्षीचे तीन विषय निवडतानाच खरी निवड होऊन जाते. चौथा विषय मागाहून येत नाही.

आणि अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडावी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती असते. पाचव्या आणि सहाव्या सत्राचे पेपर आधी वाचावेत. पहिल्या वर्षाची नावे सगळ्याच विषयांची ओळखीची आणि सोपी दिसतात. मेजरचा खरा चेहरा टीवायच्या घटकांत आणि संदर्भ पुस्तकांत दिसतो. ते वाचून 'हे शिकायला मिळाले तर बरे' असे वाटते का, हा मुलाने स्वतःला विचारायचा प्रश्न आहे. घरच्यांनी त्याला त्यासाठी दोन दिवस शांतपणे द्यावेत.

साखळी हुकली असेल तर

हे वाचणारा एखादा विद्यार्थी आत्ता टीवायला असेल आणि त्याची कडी निसटलेली असेल. त्याच्यासाठी मार्ग आहे, फक्त तो थोडा लांबचा आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी चालवलेल्या 'एनपीटेल'चे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरावे लागते. ते चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारणपणे तीन क्रेडिट धरतात. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून घ्यायला विद्यापीठ परवानगी देऊ शकते. ही परवानगी नोंदणीच्या आधी कॉलेजकडून लेखी घ्यावी, नाहीतर शिकलेले गुणपत्रिकेवर येत नाही. कलनाचा पायाभूत अभ्यासक्रम एका सत्रात आणि संभाव्यतेचा पुढच्या सत्रात घेतला, तर पदवीनंतरच्या वर्षात प्रवेश परीक्षेला बसण्याइतकी तयारी होऊ शकते. जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रे असतात, आणि नोंदणी सत्र सुरू होण्याच्या आधीच उघडते.